आप्पांच्या नागिणीनंतर: साठीपुढच्या आपल्या माणसांच्या लसींकडं कोण बघतं?

शिवाजीपेठची_लेक | ४ मे, रात्री १०.१२

लिहू की नको म्हणून तीन दिवस थांबले. काल आप्पा पुन्हा रात्रभर खुर्चीत बसून होते, म्हणून आज लिहितेय.

आप्पा म्हणजे माझे वडील, वय ७४. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. साखर आहे, पण गोळीवर आटोक्यात. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी, येताना गंगावेशीत धारोष्ण दूध, असा त्यांचा दिवस सुरू व्हायचा. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी छातीच्या डाव्या बाजूला आग व्हायला लागली. पित्त असेल म्हणून दोन दिवस लिंबू-सोडा झाला. तिसऱ्या दिवशी पाठीपासून बरगडीवरून पुढं पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "नागीण हाय ही. डॉक्टरकडं नेऊ नका, सुई लागली की चिघळती." मग जवळच्या एका गावात नागीण उतरवून देणारे आहेत, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी मंत्र म्हणून काव लावली आणि पाच दिवस पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलं. आप्पांना तिथं मीच घेऊन गेले. गाडी मीच चालवत होते.

सहाव्या दिवशी ताप चढला तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलो. फोड येऊन किती दिवस झाले, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सांगितलं तसे ते जरा गप्प झाले. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर खरा उपयोग, म्हणाले. फोड तीन आठवड्यांत सुकले. दुखणं मात्र गेलं नाही. आज आठ महिने झाले. बनियनचं कापड घासलं तरी विजेचा धक्का बसल्यासारखे दचकतात. रात्री आई दर दोन तासांनी ओल्या फडक्यानं पाठ पुसते, तेव्हा कुठं डोळा लागतो. रंकाळा सुटला. बोलणंही कमी झालंय.

नागिणीला लस आहे हे मला त्या डॉक्टरांकडंच कळलं. २०२३ पासून ती आपल्या देशात मिळते, पन्नाशीपुढच्या कुणालाही घेता येते. आप्पा अकरा वर्षं एकाच ठिकाणी साखर दाखवतात, दर तीन महिन्यांनी न चुकता. एकदाही कुणी त्यांना सांगितलं नाही. माझ्या मुलीचं लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपलंय, तारीख जवळ आली की दवाखान्यातून मेसेज येतो. आप्पांच्या नावानं असं कार्ड कधी निघालंच नाही.

आता आई. वय ६९, दमा आहे. तिला सगळ्या लसी द्यायच्या असं मी ठरवलंय, पण ती म्हणते, "मला काय धाड भरलीय? ते पैसे पोरीच्या फीला ठेव." महिना झाला, हेच चाललंय. तुमच्या घरी काय करता? आणि कोणती लस आधी, कोणती नंतर, हे कुणी नीट सांगेल का?

उचगावकर | ४ मे, रात्री १०.५०

ताई, वाचून पोटात कालवलं. माझ्या सासूबाईंना कपाळावर आली होती. डोकं आणि शेपूट मिळालं की माणूस जातो, असं घरातल्या सगळ्यांनी धरलेलं, त्यामुळं रोज सकाळी पट्टा कुठवर आलाय हे मोजायचे. डोळा लाल झाला तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं. वाचला डोळा, पण नजर अंधूक झाली ती झालीच.

गारगोटीचा_डॉक्टर | ५ मे, दुपारी २.०५

ताई, उतरवायला नेलंत याचा सल मनात ठेवू नका. माझ्याकडं नागीण घेऊन येणारे बरेचसे काव लावूनच येतात. फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकणारच असतात, त्यामुळं गुण आला असं वाटतं. मागं राहिलेलं दुखणं मात्र कुणी उतरवणाऱ्याच्या खात्यावर मांडत नाही.

लहानपणी कांजिण्या होतात, त्यांचा हा विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी पन्नास-साठ वर्षं झोपून राहतो. वय वाढलं, साखर वाढली, स्टेरॉइड किंवा कॅन्सरची औषधं चालू झाली, की प्रतिकार सैल पडतो आणि तो जागा होऊन त्या एका नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. म्हणून पट्टा अंगाच्या एकाच बाजूला असतो. डोकं-शेपूट मिळण्याचा आणि जीव जाण्याचा काही संबंध नाही. पण उचगावकरांनी लिहिलंय ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

लसीच्या दोन मात्रा, मध्ये दोन ते सहा महिन्यांचं अंतर. तिच्यात जिवंत विषाणू नाही. चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांमध्ये तिनं नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं, सत्तरी ओलांडलेल्यांतही नव्वदच्या आसपास. दंड दोन दिवस चांगलाच दुखतो, कणकण येते, कुणाकुणाला तापही येतो. हे आधी सांगूनच द्यायची, नाहीतर दुसऱ्या मात्रेला माणूस फिरकत नाही. आप्पांनाही ती घेता येईल, कारण नागीण पुन्हा होऊ शकते. किती महिने थांबायचं ते त्यांच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

आईंना दमा आहे, तर माझ्या मते आधी फ्लूची, आणि ती याच महिन्यात. वर्तमानपत्रात ऑक्टोबर वाचून लोक ऑक्टोबरपर्यंत थांबतात, पण ते युरोप-अमेरिकेच्या थंडीचं गणित आहे. आपल्या भागात फ्लू पावसाळ्यात चढतो. लस घेतल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, म्हणून मिरगाच्या आधी घेतलेली बरी. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचा मसाला ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. मे महिन्यात घेताना खोक्यावर दक्षिण गोलार्धाचं आणि चालू वर्षाचं नाव आहे का ते बघा. विषाणू रूप बदलतो, म्हणून ही दरवर्षी घ्यावी लागते.

त्यानंतर न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनियाची. तिची एक, किंवा प्रकार बघून वर्षभराच्या अंतरानं दोन. ही दरवर्षीची नाही.

आणि तुमच्या तक्रारीबद्दल. कुणी सांगितलं नाही, हे खरं आहे, आणि त्यात मीही आलो. ओपीडीत एका माणसाला चार मिनिटं मिळतात. बीपी, साखर, गोळ्या लिहिण्यात ती जातात. दहा हजारांची सुई सुचवली तर यांनी दुकान मांडलंय असं समोरच्याला वाटेल, ही भीतीही असते. म्हणून गप्प बसलेलो आहे मी, कितीतरी वेळा. तुमची पोस्ट वाचून कालपासून बरं वाटत नाहीये.

चिखलीकडचा | ५ मे, रात्री ८.३०

आमचं घर पुराच्या पट्ट्यातलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे आमच्या सात वर्षांच्या पोराला पाठ आहे. कितव्या फुटाला अंगणात पाणी येतं आणि कधी जनावरं हलवायची, सगळं ठरलेलं असतं. २०१९ ला बोटीतनं बाहेर पडलो, २०२१ ला आधीच निघालो. दोन्ही वेळा म्हातारी माणसं शाळेच्या खोलीत दाटीवाटीनं, ओल्या कपड्यांत, एकमेकांच्या खोकल्यात. आमची आजी २०२१ ला तिथंच तापली. न्यूमोनिया. सतरा दिवस ॲडमिट होती. परत घरी आली, पण पहिल्यासारखी नाही झाली, पुढच्या पाडव्याच्या आत गेली.

पाणी यायच्या आधी धान्य वर ठेवतो, कागदपत्रं पिशवीत भरतो, म्हशी पाहुण्यांच्या गावाला पोचवतो. आजीच्या छातीची तयारी करायची असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टरसाहेब, न्यूमोनियाची लस असती तर ती वाचली असती का?

गारगोटीचा_डॉक्टर | ५ मे, रात्री ९.१५

ठामपणे सांगता येणार नाही. न्यूमोनिया अनेक जंतूंनी होतो आणि ही लस त्यातल्या एका मोठ्या गुन्हेगारावर चालते. नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे ८५,००० लोकांवर चाचणी झाली होती, २०१५ ला निकाल छापून आला. लसीत जे प्रकार होते त्यांचा न्यूमोनिया जवळपास ४५ टक्क्यांनी कमी झाला. सगळे न्यूमोनिया थांबत नाहीत, पण म्हाताऱ्या माणसाला एक वाचला तरी पुष्कळ. फ्लूनंतर छातीत दुसरा जंतू शिरतो असंही बऱ्याचदा होतं, म्हणून दोन्ही घ्या म्हणतो. आजींबद्दल वाईट वाटलं.

हिशेब_मांडून | ६ मे, सकाळी ११.२०

मला एक अवघड गोष्ट मांडायची आहे. नागिणीच्या एका मात्रेला दहा हजारांच्या वर पडतात. दोन मात्रा म्हणजे वीस हजारांच्या पुढं. न्यूमोनियाची मी वडिलांना दिली तेव्हा चार हजारांच्या आसपास गेले, फ्लूला दीड-दोन हजार दरवर्षी. आता श्रावणबाळ योजनेचं मानधन बघा, महिन्याला १,५०० रुपये. म्हणजे नुसत्या नागिणीच्या लसीला तेरा महिन्यांचं मानधन, पोटाला काही न खाता. साखर कारखान्यातून किंवा इचलकरंजीच्या मिलमधून निवृत्त झालेल्यांची ईपीएसची, म्हणजे पीएफवाली, पेन्शन हजार-दोन हजार. त्यांनी काय करायचं?

२०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कवच मिळालं, चांगलं झालं. पण ते ॲडमिट झाल्यावर. आजीच्या सतरा दिवसांना पैसे मिळतील, त्या आधीच्या सुईला नाही. बाळांना न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी दवाखान्यात फुकट आहे, तीच आजोबांना विकत. कोव्हिडच्या वेळी साठीपुढच्यांना फुकट देऊन दाखवलं होतंच की. यंत्रणा आहे, शीतपेट्या आहेत, नर्सबाई आहेत. ठरवायचं राहिलंय. ज्यांची ओळख आमदार-खासदारांपर्यंत आहे त्यांनी रस्त्याच्या निवेदनाबरोबर हेही एक निवेदन द्यावं.

पेठेतला_जुना | ६ मे, दुपारी ४.४५

मी स्वतः ६६ चा आहे, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे आमच्यासाठी ठरवताय, आम्हालाही ऐका.

कोव्हिडच्या दोन्ही घेतल्या. १ मार्च २०२१ ला साठीपुढच्यांना सुरू झाली, पहिल्या आठवड्यात रांगेत उभा होतो. त्यानंतर तालमीतला माझा जोडीदार, धडधाकट माणूस, चालता चालता गेला. मग २०२४ ला बातमी आली की कोव्हिशील्डच्या मूळ कंपनीनं लंडनच्या कोर्टात रक्ताच्या गुठळीचं कबूल केलं. तेव्हा आम्हाला कुणी काही सांगितलं होतं का? आता पुन्हा नवीन सुया. पुण्यात गेल्या साली जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पाडणारा तो नसांचा आजार, झाला तेव्हाही लोक लसीचं नाव घेत होते. माझा विश्वास उडालाय. यात माझा हट्ट नाही, मला खरंच भीती वाटते.

गारगोटीचा_डॉक्टर | ६ मे, रात्री १०.३०

काका, भीती बोलून दाखवलीत, बरं केलंत. एकेक घेतो.

गुठळीचा दुष्परिणाम खरा आहे. फार दुर्मीळ, पण खरा, आणि तो २०२१ च्या वसंतातच युरोपच्या औषध नियंत्रकांनी जाहीर केला होता, कोर्टातली बातमी नंतरची. तो लस घेतल्यापासून साधारण सहा आठवड्यांच्या आत दिसतो. दोन-तीन वर्षांनी अचानक येत नाही. तुमच्या जोडीदाराबद्दल मला काही माहिती नाही, म्हणून बोलणार नाही. शिवाय ज्या जातीच्या लसीत ते आढळलं, त्या जातीच्या ना फ्लूची आहे, ना नागिणीची, ना न्यूमोनियाची.

पुण्यातला जीबीएस २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात दूषित पाण्याशी आणि त्यातल्या जंतूशी जोडला गेला. फ्लूच्या लसीनं जीबीएस होऊ शकतो, पण तो दहा लाखांत एक-दोन असा. फ्लूचा आजार झाल्यानं होण्याची शक्यता त्याहून जास्त. पूर्वी ज्याला जीबीएस झालाय त्यानं मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

आणि हृदयाचं. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या अडीच हजारांवर रुग्णांवर स्वीडनच्या पुढाकारानं एक चाचणी झाली, बांगलादेशातलेही रुग्ण त्यात होते. अर्ध्यांना फ्लूची लस, अर्ध्यांना मिठाचं पाणी. वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्टेंटमध्ये गुठळी असं काही झालेले लसवाल्यांत ५.३ टक्के, दुसऱ्या गटात ७.२ टक्के. २०२१ ला छापून आली. म्हणून हृदयाच्या माणसाला मी ही सुई आवर्जून सांगतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नर्सला आधी सांगा. बारीक सुईनं देतात, नंतर दोन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही.

आशा_करवीर | ७ मे, रात्री ९.५५

मी आशा आहे, करवीर तालुक्यातल्या एका गावची. सोळा वर्षं झाली. सगळं वाचलं, आता माझंही सांगते.

बाळाची लस चुकली तर दुसऱ्या दिवशी नर्सबाई विचारतात, का चुकली, घरी गेलीस का. म्हाताऱ्यांसाठी वहीत रकानाच नाही. तिशीपुढच्यांचा फॉर्म भरतो, तंबाखू विचारतो, कमरेला टेप लावतो, बीपी-शुगरला पाठवतो. लस कुठं येत नाही. त्यामुळं मलाही सवय नव्हती. लहान पोर दिसलं की लस आठवते, आजी दिसली की गोळ्या आठवतात.

पण म्हातारी माणसं लसीला घाबरतात हे अर्धंच खरं आहे. यांच्या दंडावर बघा, देवीचा व्रण आहे. लहानपणी देवी टोचणारा आला की पोरं कणगीमागं लपायची, असं तीच सांगतात. त्या टोचण्यानंच देवी गेली, १९७५ नंतर आपल्या देशात रोगी सापडला नाही. तो व्रण दाखवून मी बोलायला सुरुवात करते. मग ती स्वतःच सांगायला लागतात, कुणाच्या तोंडावर वण होते, कुणाचा डोळा गेला, कुणाचं लेकरू गेलं.

एक गोष्ट सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावात कॅम्प होता. एक आजोबा, पंच्याहत्तरीचे, सकाळीच उसात जाऊन बसले. पोरगा ओरडतोय, सरपंच ओरडतात, ऐकत नाहीत. सगळे म्हणाले, अडाणी हाय, घाबरलाय. मी संध्याकाळी एकटी गेले, गोठ्यात. म्हटलं, आजोबा, सुई नको तर नको, पण कशापायी? त्यांनी बऱ्याच वेळानं सांगितलं. "तीन म्हशी हायत. सुई घेतली आन् दोन दिवस पडलो, तर धार कोण काढणार? पोराला म्हैस जवळ येऊ देत न्हाई." एवढंच होतं. मी शेजारच्या भावकीतल्या बाईंना विचारलं, दोन दिवस काढाल का? त्या हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः चालत आले, टोपी घालून, सगळ्यांच्या आधी.

तेव्हापासून मी आधी विचारते, नको का म्हणता. कुणाला वाटतं ताप आला तर नातवंडांना शाळेत कोण सोडणार. कुणाला मुलाकडं पैसे मागायची लाज वाटते. एक आजी सहा वर्षं दवाखान्यात गेली नव्हती, कारण दंड दाखवायला ब्लाउजची बाही वर करावी लागते आणि तिथं पुरुष कंपाउंडर होता. "मला काय धाड भरलीय" हे सगळ्याच म्हणतात. त्याच्या मागं काय आहे ते वेगळंच असतं. ताई, तुमच्या आईला पैशाचं बोलू नका. काय अडतंय ते विचारा.

आणि पेठेतले काका, धनुर्वाताची शेवटची कधी घेतली? खुरपं, कोयता, खिळा लागला की धावत येता, पण दर दहा वर्षांनी घ्यायची असते. ती आमच्या केंद्रात मिळते. आता त्यात घटसर्पाचीही असते.

शिवाजीपेठची_लेक | ७ मे, रात्री ११.४०

आशाताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. उद्या विचारते.

औषधदुकान_राजारामपुरी | ८ मे, सकाळी १०.०५

दुकानदार म्हणून थोडं. या लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. त्या खाली गोठल्या तरी वाया, वर तापल्या तरी वाया. मे महिन्यात दुकानातून घेऊन, बाजार करून, दुपारी दवाखान्यात जाणारे लोक मी बघितलेत. वीस हजारांचं औषध डिकीत ठेवून जेवायला गेलेले. कृपा करून असं करू नका. ज्या दवाखान्यात टोचून घ्यायची तिथल्याच फ्रिजमधली घ्या, किंवा दुकानातून घेतली तर बर्फाच्या पॅकसकट थेट तिकडं. बाटलीला बर्फ थेट लागू द्यायचा नाही, मध्ये कागद किंवा कापड. नागिणीची लस सगळीकडं तयार नसते. दोन दिवस आधी सांगितलं तर मागवून देतात. खोक्यावरचा बॅच नंबरचा तुकडा कापून जपून ठेवा.

पुण्यात_राहणारा | ८ मे, दुपारी १.१५

आई-बाबा आजऱ्याला, मी इथं. फोनवरून तीन वर्षं सांगतोय, घ्या, घ्या. "बघू" म्हणतात. हा धागा वाचून कळलं की मी एकदाही सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेलेलो नाही. त्यांना गारगोटी किंवा गडहिंग्लजला एकट्यानं जायचं म्हणजे एसटी, रांग, परत एसटी. पुढच्या शनिवारी जातोय.

आकड्यांची_आवड | ८ मे, रात्री ९.००

नागिणीच्या लसीबद्दल एक गोष्ट वाचली, ती इथं सांगायलाच हवी. वेल्समध्ये सरकारनं २०१३ ला नियम केला, २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच लस, आधी जन्मलेल्यांना नाही. म्हणजे एका आठवड्यानं थोरला असलेला माणूस लसीला मुकला, धाकट्याला मिळाली. बाकी दोघं सारखेच. संशोधकांनी सात वर्षं पुढं त्यांच्या नोंदी बघितल्या, तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशानं कमी निघालं. २०२५ च्या एप्रिलमध्ये छापून आलंय. ती जुनी, जिवंत विषाणूची लस होती, आताची वेगळी आहे. तेव्हा स्मृती राहावी म्हणून घ्या असं मी म्हणणार नाही. पण माझ्या आईला आता माझं नाव आठवत नाही, त्यामुळं हे वाचताना मी बराच वेळ त्याच पानावर होतो.

ज्येष्ठसंघ_चिटणीस | ९ मे, सकाळी ७.५०

आमचा पन्नास-साठ जणांचा संघ आहे, रोज सकाळी बागेत जमतो. गेल्या वर्षी फ्लूच्या लसीचं शिबिर घेतलं. पत्रक लावलं तेव्हा आठ नावं आली. मग दुसरं केलं. ज्यांनी आदल्या वर्षी घेतली होती त्या तिघांना रोज प्राणायामानंतर पाच मिनिटं बोलायला उभं केलं. डॉक्टर बोलले नाहीत, हे तिघं बोलले. दंड किती दुखला, ताप आला का, पावसाळा कसा गेला. दोन आठवड्यांत एकतीस नावं झाली. एकदम घेतल्यामुळं दरातही सूट मिळाली. पैशाची अडचण असलेल्या चौघांचे बाकीच्यांनी वाटून घेतले, नावं कुणाला कळू दिली नाहीत.

एक जाड वही घातली आहे. प्रत्येकाला एक पान. फ्लू, न्यूमोनिया, नागीण, धनुर्वात, प्रत्येकीपुढं घेतल्याची तारीख आणि पुढची तारीख. ती वही चहाच्या टपरीवर असते, कुणालाही बघता येते. या पावसाळ्याचं शिबिर १७ मे ला आहे.

पेठेतला_जुना | ९ मे, सकाळी ९.३०

चिटणीस, तुमची बाग कुठली ते कळलं, मी तिथनंच जातो. धनुर्वाताची माझी २००५ च्या पुरात घेतलेली, त्यानंतर नाही. ती घेतो, ती ओळखीची आहे. फ्लूचं, त्या तिघांशी बोलतो आधी. डॉक्टर, उत्तराबद्दल आभारी आहे. बाकी अजून माझं ठरलेलं नाही.

शिवाजीपेठची_लेक | २४ मे, रात्री १०.२०

उशीर झाला लिहायला.

आईला विचारलं. भाकरी थापताना विचारलं, म्हणजे तिला माझ्या तोंडाकडं बघावं लागणार नाही. म्हटलं, आई, फीचं सोड, खरं काय? तवा उतरेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "माझा हात दुखला तर रात्री ह्यांना पुसणार कोण? त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागला की आग होते म्हणतात."

महिनाभर मी तिच्याशी पैशावरून भांडत होते.

भावाला पुण्याहून बोलावलं. शुक्रवारी रात्री आला. शनिवारी सकाळी आईला फ्लूची दिली, आणि आप्पांनाही, दोघांना शेजारी शेजारी बसवून. दोन रात्री भाऊ आणि मी पाळीपाळीनं जागलो. आप्पांनी पहिल्या रात्री भावाचा हात लागताच अंग चोरलं, दुसऱ्या रात्री लागू दिला. आईला फक्त दंड दुखला, ताप नाही. ती आठ महिन्यांत पहिल्यांदा सलग सहा तास झोपली, हे आम्ही मोजलं. न्यूमोनियाची पुढच्या महिन्यात. नागिणीची पहिली मात्रा जुलैत, तेव्हाही भाऊ येतोय, तिकीट काढून ठेवलंय. पैसे आम्ही दोघं भावंडं निम्मे-निम्मे घालणार आहोत.

आप्पांच्या साखरेच्या डॉक्टरांकडं परवा गेलो तेव्हा मी विचारलं की इथं कुणाला सांगत का नाही. ते रागावले नाहीत. टेबलावर एक कागद लावतो म्हणाले. पुढच्या वेळी बघेन लावलाय का.

आशा_करवीर | २४ मे, रात्री १०.४५

ताई, बरं वाटलं. आप्पांना भावाचा हात चालला ना, मग आता आईला आठवड्यातनं एक रात्र सुट्टी द्या, लस असो नसो. आणि चिटणीस काका, तुमच्या वहीच्या पानाचा फोटो टाकाल का? आमच्या नर्सबाईंना दाखवायचाय. गावात साठीपुढची दोनशेच्या वर आहेत, मंगळवारी वही विकत आणते.

ज्येष्ठसंघ_चिटणीस | २५ मे, सकाळी ६.४०

आज बागेतून आल्यावर टाकतो. नावं झाकून. एक रकाना आम्ही नंतर वाढवला, तो तुम्ही आधीपासूनच घाला: "बरोबर कोण येणार".